फॅटी लिव्हर कुणाचं बिघडणार? अमेरिकी माजी सैनिकांच्या नोंदी आणि मशीन लर्निंग

जगातल्या प्रौढांपैकी साधारण ३० टक्के लोकांच्या लिव्हरमध्ये गरजेपेक्षा जास्त चरबी साठलेली असते. आकडा ऐकून धडकी भरते, पण यातल्या बहुतेकांना लिव्हरमुळे पुढे कधीच मोठा त्रास होत नाही. थोड्या लोकांच्या बाबतीत मात्र चरबीपाठोपाठ सूज येते, सुजेपाठोपाठ लिव्हरमध्ये कडक तंतू तयार होऊ लागतात, आणि बऱ्याच वर्षांनी गोष्ट सिरॉसिस (तंतूंनी अख्खं लिव्हर कडक, निबर होणं) किंवा लिव्हरच्या कॅन्सरपर्यंत जाते. अडचण अशी की हे दोन्ही प्रकारचे लोक सुरुवातीला अगदी सारखे दिसतात. दुखत कुणालाच नसतं. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर दोघांच्याही नावापुढे ‘फॅटी लिव्हर’ एवढंच लिहिलेलं असतं.

म्हणजे आजार कुणाला आहे हे कळून अर्धंच काम होतं. कुणाचं लिव्हर पुढे बिघडणार आणि कुणाला निश्चिंतपणे घरी पाठवता येईल, हे ठरवणं खरं अवघड आहे. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेत या प्रश्नासाठी मशीन लर्निंग, म्हणजे जुन्या नोंदींवरून स्वतः शिकून अंदाज बांधणारे संगणकी प्रोग्रॅम (त्यांना मॉडेल म्हणतात), वापरण्याचे प्रयत्न चालू आहेत. ते नेमकं कसं चालतं, कुठे उपयोगी पडतं आणि कुठे फसतं, ते या लेखात पाहू. माझं मत आधीच सांगतो: या मॉडेलांची खरी ताकद धोक्यातला माणूस अचूक हुडकण्यात कमी आणि ज्यांना धोका नाही अशांना विश्वासाने बाजूला काढण्यात जास्त आहे. त्यांच्याकडून काय अपेक्षा ठेवायची, हे यावरूनच ठरतं.

आधी आजाराची चाल. लिव्हरच्या ५ टक्क्यांहून अधिक पेशींमध्ये चरबी दिसली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. तंतूंच्या वाढीला, म्हणजे फायब्रोसिसला, शून्य ते चार अशा पायऱ्या आहेत. शून्य म्हणजे तंतू नाहीत, चार म्हणजे सिरॉसिस. माणूस पुढे किती जगेल हे चरबी किती आहे यापेक्षा तो कुठल्या पायरीवर आहे यावरून जास्त चांगलं कळतं, हे दीर्घकाळ चाललेल्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. पायऱ्या चढण्याचा वेग मात्र फार संथ. २०१५ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाज असा होता, की नुसती चरबी असेल तर एक पायरी चढायला सरासरी १४ वर्षं लागतात आणि सूजही असेल तर ७ वर्षं. सरासरीच्या आड बरंच काही दडतं. काही लोक वीस वर्षं जागेवरून हलत नाहीत, काही झपाट्याने वर जातात, तर वजन उतरल्यावर काही जण पायऱ्या उतरून खालीही येतात.

पायरी ओळखण्याची जुनी पद्धत बायोप्सीची. सुईने लिव्हरचा बारीक तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. हा तुकडा अख्ख्या लिव्हरचा साधारण पन्नास हजारावा भाग असतो. शितावरून भाताची परीक्षा करायची तर भात सगळीकडे सारखा शिजलेला हवा. लिव्हरमध्ये तंतू सगळीकडे सारखे पसरत नाहीत, त्यामुळे एका जागेचा तुकडा वेगळं सांगतो आणि दोन इंच पलीकडचा वेगळं. शिवाय सुई म्हटली की रक्तस्राव होण्याची थोडी का होईना भीती असतेच. लाखो लोकांची बायोप्सी दर काही वर्षांनी करणं शक्यच नाही.

म्हणून २००६ साली फिब-४ नावाचं एक सूत्र आलं. वय गुणिले एएसटी, आणि त्याला भागिले (प्लेटलेट, हजारांत, गुणिले एएलटीचं वर्गमूळ). एएसटी आणि एएलटी ही लिव्हरच्या पेशींतून रक्तात येणारी एन्झाइम, तर प्लेटलेट म्हणजे रक्त गोठायला मदत करणारे कण. वय माहीतच असतं, बाकी तिन्ही गोष्टी नेहमीच्या रक्ततपासणीत मिळतात, वेगळा खर्च नाही. उत्तर १.३ च्या खाली आलं तर मोठा फायब्रोसिस असण्याची शक्यता कमी, २.६७ च्या वर गेलं तर शक्यता जास्त. मधल्या लोकांचं काय करायचं, तर लिव्हर किती कडक झालंय हे मोजणारी फायब्रोस्कॅनसारखी तपासणी करायची. हे सूत्र मुळात एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी दोन्ही असलेल्या रुग्णांसाठी तयार झालं होतं. फॅटी लिव्हरसाठी ते नंतर वापरात आलं, आणि स्वस्त व सोपं असल्यामुळे टिकलं.

फिब-४ फक्त आजचं चित्र सांगतं. गेल्या दहा वर्षांत काय झालं याकडे ते पाहत नाही. एखाद्याच्या प्लेटलेट आज १ लाख ९० हजार असतील तर प्रयोगशाळेच्या कागदावर त्या नॉर्मल म्हणूनच छापल्या जातात. पण दहा वर्षांपूर्वी त्याच माणसाच्या २ लाख ८० हजार असतील आणि दरवर्षी थोड्या थोड्या कमी होत आल्या असतील, तर हा उतार महत्त्वाचा आहे. लिव्हर कडक झालं की तिकडे येणाऱ्या रक्ताचा दाब वाढतो, प्लीहा फुगते आणि प्लेटलेट तिथे अडकून पडतात. लिव्हरमध्ये प्लेटलेटच्या निर्मितीला चालना देणारा एक हार्मोन बनतो, तोही घटतो. म्हणजे प्रत्येक रिपोर्ट सुटा पाहिला तर नॉर्मल, आणि सगळे ओळीने लावले तर इशारा.

हे ओळीने लावायचं तर एकाच माणसाचे अनेक वर्षांचे रिपोर्ट एका जागी हवेत. अमेरिकेत माणूस नोकरी बदलतो, विमा बदलतो, डॉक्टर बदलतो आणि नोंदी विखुरतात. माजी सैनिकांसाठीची सरकारी आरोग्यसेवा, जिला सगळे ‘व्हीए’ म्हणतात, इथे वेगळी ठरते. ९० लाखांहून अधिक माजी सैनिक तिच्यात नोंदलेले आहेत, देशभर सुमारे १७० हॉस्पिटलं आहेत, आणि १९९९ पासूनच्या तपासण्या, औषधं, वजन, निदानं एका मध्यवर्ती साठ्यात जमा होत आली आहेत. शिवाय २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘मिलियन व्हेटरन प्रोग्रॅम’मध्ये २०२३ पर्यंत १० लाख माजी सैनिकांनी आपले जनुकीय नमुने स्वेच्छेने दिले. एवढा लांब आणि रुंद साठा जगात फार थोड्या ठिकाणी आहे.

या लोकांना धोकाही जास्त आहे. व्हीएच्या रुग्णांत साधारण चारपैकी एकाला मधुमेह आहे, लठ्ठपणा मोठ्या प्रमाणात आहे, बहुतेक जण पुरुष आणि वय झालेले. युद्धातल्या मानसिक आघाताचे परिणाम, त्यावरची औषधं, अपुरी झोप आणि दारू यांचाही वजनाशी आणि लिव्हरशी संबंध येतो. हिपॅटायटिस सीच्या बाबतीत व्हीएने मोठं काम केलं, नवीन गोळ्यांनी एक लाखाहून अधिक माजी सैनिक बरे झाले. तो विषाणू मागे पडल्यावर लिव्हरच्या दवाखान्यात आता फॅटी लिव्हर आणि दारू ही दोन कारणं पुढे येत आहेत.

मग मशीन लर्निंग करतं काय? माजी सैनिकांच्या जुन्या नोंदी घ्यायच्या. समजा २००८ पर्यंतची माहिती मॉडेलला दाखवली आणि पुढच्या दहा वर्षांत कुणाचं लिव्हर बिघडलं हे उत्तर म्हणून सांगितलं. प्रत्येक तपासणीसाठी मॉडेलला एकच आकडा देत नाहीत. सर्वात जास्त किती होती, सर्वात कमी किती, सरासरी काय, चढ-उतार किती, कुठल्या दिशेने चालली आहे, असे अनेक आकडे काढून देतात. मग मॉडेल लहान लहान प्रश्नांची झाडं तयार करतं: प्लेटलेट घसरत आहेत का, हो असेल तर वय साठच्या वर आहे का, हो असेल तर मधुमेह आहे का. पहिलं झाड बरंच चुकतं. दुसरं झाड पहिल्याच्या चुका कमी करण्यासाठी बांधलं जातं, तिसरं त्यानंतर उरलेल्या चुकांसाठी, आणि अशी शेकडो झाडं मिळून एक अंदाज देतात.

साध्या सूत्रापेक्षा याचा फायदा कुठे होतो, त्याचं एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. एएलटी वाढलं म्हणजे लिव्हरच्या पेशींना इजा होते आहे, म्हणून जास्त एएलटी वाईट, असं आपण धरतो. पण आजार खूप पुढे गेल्यावर एएलटी पुन्हा खाली येऊ शकतं. म्हणजे एकाचं एएलटी कमी झालं ते वजन उतरल्यामुळे, तर दुसऱ्याचं कमी झालं ते आजार पुढच्या पायरीला गेल्यामुळे. फक्त एएलटी पाहून हे दोघे वेगळे करता येत नाहीत. त्याच वेळी वजन आणि प्लेटलेट कुठे चालल्या आहेत हेही पाहिलं तर येतात. असे ‘हे असेल आणि तेही असेल तर’ प्रकारचे संबंध झाडांवर आधारलेली मॉडेलं आपोआप शोधतात. सरळ रेषेतल्या सूत्रात ते कुणीतरी आधी सुचून घालावे लागतात.

व्हीएमध्ये हिपॅटायटिस सीच्या रुग्णांवर हे आधी करून पाहिलं गेलं. २०१९ मध्ये ७२ हजारांहून अधिक माजी सैनिकांच्या नोंदींवरच्या अभ्यासात असं दिसलं, की अनेक वर्षांच्या तपासण्या वापरणारी मॉडेलं एकाच वेळच्या तपासणीवर बेतलेल्या मॉडेलांपेक्षा सिरॉसिसचा अंदाज चांगला बांधतात. २०२० मध्ये ४८,१५१ सिरॉसिसच्या रुग्णांवर, तपासण्यांचा क्रम लक्षात ठेवणारं न्यूरल नेटवर्क (मशीन लर्निंगचाच एक प्रकार) वापरून लिव्हरच्या कॅन्सरचा अंदाज बांधला गेला. पुढे कॅन्सर झालेला एक आणि न झालेला एक अशी जोडी उचलली, तर हे मॉडेल शंभरातल्या सुमारे ७६ जोड्यांत योग्य माणसाला जास्त धोका दाखवत होतं. नेहमीच्या संख्याशास्त्रीय पद्धतीला हे सुमारे ६९ जोड्यांत जमत होतं. सुधारणा खरी आहे, पण शंभरात चोवीस जोड्या अजूनही उलट्या लागतात हेही तितकंच खरं. फॅटी लिव्हरचे प्रयत्न याच वाटेने पुढे गेले आहेत.

पण फॅटी लिव्हरचा मामला जास्त अवघड आहे, आणि इथे थोडं थांबायला हवं. मॉडेलला शिकवायचं तर ‘कुणाचं बिघडलं’ याचं उत्तर आपल्याला माहीत हवं. ते कुठून आणायचं? बायोप्सी फार थोड्यांची झालेली असते, आणि डॉक्टरांना ज्यांच्याबद्दल आधीच शंका होती अशांचीच. निदानाच्या कोडवर, म्हणजे नोंदीत आजारासाठी लिहिलेल्या संकेतांकावर, विसंबावं तर फॅटी लिव्हर असलेल्या असंख्य लोकांच्या नोंदीत तो कोडच नसतो, कारण कुणी त्याकडे लक्ष दिलेलं नसतं. भरीस भर म्हणजे २०२३ मध्ये या आजाराचं अधिकृत वैद्यकीय नाव आणि व्याख्या बदलली, त्यामुळे जुन्या आणि नव्या नोंदी जुळवणंही आलं. मग संशोधक पर्याय शोधतात. उदाहरणार्थ, मिलियन व्हेटरन प्रोग्रॅमच्या २०२२ च्या जनुकीय अभ्यासात ‘दीर्घकाळ वाढलेलं एएलटी’ हीच फॅटी लिव्हरची खूण मानली होती. त्यातून जनुकसंचातल्या ७७ जागा सापडल्या, म्हणजे ही खूण निरुपयोगी नव्हती. पण खूण म्हणजे आजार नव्हे, हे विसरून चालत नाही.

दुसरा पर्याय म्हणजे फिब-४ २.६७ च्या वर गेलं की ‘बिघडलं’ असं धरायचं. यात काय होतं ते आकड्यांत पाहू. एक माणूस ५७ वर्षांचा, एएसटी २८, एएलटी ३६, प्लेटलेट २ लाख ६० हजार. त्याचं फिब-४ येतं १.०२, म्हणजे धोका कमी. आता हेच तिन्ही आकडे जसेच्या तसे ठेवा आणि त्याला ७५ वर्षांचा करा. फिब-४ होतं १.३५. लिव्हरमध्ये काहीही बदललं नाही, वाढदिवस तेवढे झाले, आणि माणूस कमी धोक्याच्या गटातून बाहेर पडला. पासष्टीनंतर खालची मर्यादा २ धरावी असं म्हणतात ते यामुळेच. मॉडेलला उत्तर म्हणून फिब-४ दिलं आणि माहिती म्हणून वय, एएसटी, एएलटी, प्लेटलेटही दिल्या, तर ते लिव्हरबद्दल शिकण्याऐवजी ते सूत्रच शिकेल. कागदावर त्याची अचूकता फार सुंदर दिसेल. असा कुठलाही अभ्यास वाचताना मी आधी पाहतो ती एकच गोष्ट: ‘बिघडलं’ याची व्याख्या कशावरून केली आहे? सिरॉसिसची गुंतागुंत, पोटात पाणी होणं, अन्ननलिकेतल्या शिरांतून रक्तस्राव, लिव्हरचा कॅन्सर किंवा स्कॅनवर मोजलेला कडकपणा असं काही असेल तर त्या अंदाजाला अर्थ आहे.

मृत्यूचा हिशेबही नीट करावा लागतो. फॅटी लिव्हर असलेले सर्वात जास्त लोक हृदयविकाराने दगावतात. सत्तरीचा माजी सैनिक हृदयविकाराने गेला आणि तोवर त्याला सिरॉसिस झाला नव्हता, तर निष्काळजी मॉडेल त्याला ‘लिव्हर सुरक्षित राहिलं’ अशा गटात टाकतं. खरं तर त्याचं लिव्हर पुढे कसं राहिलं असतं हे आपल्याला कळलेलंच नाही. तसंच पासष्टीनंतर मेडिकेअर हा सरकारी आरोग्यविमा मिळतो, मग बरेच जण बाहेरच्या डॉक्टरांकडेही जातात आणि तिथल्या तपासण्या व्हीएच्या नोंदीत दिसत नाहीत. जो दिसेनासा झाला तो बरा आहे असं धरलं की मॉडेल चुकीचं शिकतं.

दारूची नोंद हा आणखी एक नाजूक भाग. व्हीएमध्ये दरवर्षी तीन प्रश्नांची एक छोटी चाचणी घेतात: किती वेळा पिता, एका वेळी किती, आणि एकाच बैठकीत खूप पिणं किती वेळा होतं. ही माहिती मोलाची आहे, कारण चरबी आणि दारू एकत्र आल्या तर लिव्हर लवकर बिघडतं. पण खरं उत्तर देणं प्रत्येकाला सोपं नसतं, आणि कमी सांगितलेली दारू मॉडेलला कमीच दिसते. यात त्या माणसाला दोष देण्यात काही अर्थ नाही. मॉडेल बनवणाऱ्याने ही उणीव गृहीत धरायला हवी.

आता माझ्या सुरुवातीच्या मुद्द्याकडे येतो. समजा फॅटी लिव्हर असलेले १,००० लोक आहेत आणि त्यातल्या ५० जणांचं लिव्हर पुढच्या काही वर्षांत बिघडणार आहे. मॉडेल बऱ्यापैकी चांगलं आहे: बिघडणाऱ्यांपैकी ८० टक्के पकडतं आणि न बिघडणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांना बरोबर सोडतं. तर ५० पैकी ४० सापडतील, पण उरलेल्या ९५० पैकी १९० जणांनाही उगाच धोका दाखवला जाईल. म्हणजे इशारा मिळालेल्या २३० पैकी खरे ४०, सहात एक. हा आकडा घेऊन कुणालाही ‘तुमचं लिव्हर बिघडणार’ असं सांगणं अन्याय ठरेल. दुसरी बाजू पाहा: ज्यांना इशारा मिळाला नाही अशा ७७० पैकी ७६० जण खरोखर ठीक राहतील. सुमारे ९९ टक्के. फायब्रोस्कॅनची यंत्रं आणि लिव्हरचे तज्ज्ञ मोजके असताना हजारऐवजी २३० लोकांना स्कॅनला बोलवायचं, आणि बाकीच्यांची काही वर्षांनी पुन्हा तपासणी करायची, हा फार मोठा दिलासा आहे. मात्र सुटलेल्या दहा जणांसाठी ती पुन्हा तपासणी ठरल्या वेळी व्हायलाच हवी. ती झाली नाही तर सगळा हिशेब कोसळतो.

मॉडेल कुणावर शिकलं यालाही महत्त्व आहे. व्हीएच्या नोंदींत कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी वंशाचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत, ही चांगली गोष्ट. २००८ मध्ये सापडलेला पीएनपीएलए३ या जनुकातला एक बदल लिव्हरमध्ये चरबी आणि फायब्रोसिस वाढवतो आणि तो लॅटिन अमेरिकी लोकांत जास्त आढळतो, म्हणून अशी विविधता हवीच. स्त्रिया मात्र फार कमी. किडनी अचानक निकामी होण्याचा अंदाज बांधणारं एक मॉडेल व्हीएच्या सात लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवर तयार झालं आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्या नोंदींत स्त्रिया जेमतेम ६ टक्के होत्या, आणि स्त्रियांच्या बाबतीत ते मॉडेल कमी पडतं असं पुढे दाखवलं गेलं. फॅटी लिव्हरमध्ये रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांचा धोका बदलतो, म्हणून पुरुषांवर शिकलेलं मॉडेल त्यांच्यासाठी तसंच वापरणं मला अजिबात पटत नाही. त्यांच्यासाठी अचूकता वेगळी मोजून जाहीर करायला हवी.

अंदाज प्रत्यक्ष कामात आणणं व्हीएला नवीन नाही. २०१७ पासून आत्महत्येचा सर्वाधिक धोका असलेल्या ०.१ टक्के रुग्णांना नोंदींवरून ओळखून त्यांच्याशी संपर्क साधण्याचा कार्यक्रम तिथे चालू आहे. लिव्हरसाठीही घडी तशीच बसवावी लागेल: यादी दर महिन्याला कुणाकडे जाणार, रुग्णाला फोन कोण करणार, स्कॅन किती दिवसांत होणार, आणि रुग्णाला घाबरवून न सोडता काय सांगायचं.

हे सगळं आत्ताच तातडीचं का झालं, त्याचं कारण औषधं. वर्षानुवर्षं डॉक्टरांकडे सांगण्यासारखा उपाय एकच होता, वजन कमी करा. तो आजही पहिला उपाय आहे. वजन ५ टक्के उतरलं की चरबी कमी होते, १० टक्के उतरलं तर फायब्रोसिसही मागे हटू शकतो. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने रेस्मेटिरोमला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइडला मान्यता दिली, तीही सूज असलेल्या आणि फायब्रोसिसच्या दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरच्या रुग्णांसाठी. सिरॉसिस झाल्यावर ही दारं बंद होतात. म्हणजे माणूस मधल्या पायऱ्यांवर असतानाच सापडायला हवा, आणि त्या पायऱ्यांवर लक्षणं नसतात.

याच औषधांमुळे मॉडेलांपुढे एक नवा पेच उभा राहिला आहे. जुन्या नोंदी ही औषधं नसतानाच्या काळातल्या आहेत. आता मॉडेल एखाद्याला जास्त धोका दाखवेल, डॉक्टर औषध सुरू करतील, आणि त्याचं लिव्हर बिघडणार नाही. वरवर पाहता मॉडेल चुकलं असं दिसेल, प्रत्यक्षात त्याने काम केलेलं असेल. पाच वर्षांनी याच नव्या नोंदींवर मॉडेल पुन्हा शिकवलं तर ते यातून उलटाच धडा घेईल, की घसरत्या प्लेटलेटचे, मधुमेह असलेले असे रुग्ण फारसे बिघडत नाहीत. मग पुढच्या खेपेला अशाच माणसाला ते कमी धोका दाखवेल आणि त्याला औषध मिळणार नाही. हे टाळायचं तर औषध कधी सुरू झालं, किती दिवस घेतलं, केव्हा बंद केलं, आणि मॉडेलचा इशारा डॉक्टरांनी पाहिला होता की नाही, या चारही गोष्टी तारखांसह नोंदवाव्या लागतील. ही शिस्त पहिल्या रुग्णापासूनच हवी, कारण न लिहिलेली तारीख पाच वर्षांनी कुठूनही परत मिळवता येत नाही.